उदमांजरास पंधरा दिवसांची नोटीस

मांढऱ्यांच्या घरात सलग तीन दिवस चिनोर तांदळाचा वास येत होता आणि मांढऱ्यांच्या घरात चिनोरचा एक दाणा नव्हता. धानाच्या मुलखात ही गोष्ट साधी नाही. मूल गावाच्या पुढे आमचं मोहबोडी; इथे कुणाकडे भात शिजला की शेजारी नाकानेच सांगतात, कुठल्या घरी रोजचा एचएमटी आहे आणि कुठल्या घरी पाहुण्यांसाठी चिनोर निघाला आहे. ललिताबाई मांढऱ्यांनी पहिल्या दिवशी उजवीकडच्या नीलाबाईंवर संशय घेतला. नीलाबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, घरात एकट्या. एकट्या जिवाला रोज चिनोर कशाला लागतो, हा ललिताबाईंचा प्रश्न. दुसऱ्या दिवशी संशय डावीकडच्या नथ्थूभाऊंवर गेला. तिसऱ्या दिवशी कुंपणाशी बोलणं झालं, तेव्हा कळलं की त्या दोन्ही घरांचा संशय मांढऱ्यांवरच होता. पोरीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, जवळ आला, मांढरे रोज चिनोर शिजवून हात बसवत असतील, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

मग वास कुठून येतो? मनसाराम मांढरे घरभर नाक वर करून फिरले. स्वयंपाकघरात वास कमी, अंगणात त्याहून कमी, आणि नव्या हॉलमध्ये भरपूर. हॉलच्या मधोमध उभं राहिलं तर पंगतीला बसल्यासारखं वाटायचं.

या हॉलबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत, कारण मनसाराम स्वतः भेटेल त्याला दोनशे सांगत. परसातलं जुनं मोहाचं झाड तोडून हा हॉल बांधलेला. त्याला पीओपीचं फॉल सिलिंग. मोहबोडीत असलं सिलिंग दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. मधोमध कमळ, कमळाभोवती निळा उजेड, आणि कडेने बारा दिवे. दिवे बारा म्हणायचे. लागलेले अकरा होते. बाराव्या दिव्याचं भोक करून मिस्त्री जो मूलला साळ्याच्या लग्नाला गेला, तो अजून वरातीतच असावा. धाकट्या लेकीचं, दामिनीचं, साक्षगंध याच हॉलमध्ये करायचं, असा मनसारामांचा हट्ट होता. लोक समाजमंदिर घ्या म्हणाले, पण समाजमंदिराला कमळ कुठे आहे?

नथ्थूभाऊ माजरीच्या कोळसा खाणीत आयुष्य काढून आलेले. अंधाऱ्या भोकात डोकं घालायचं म्हटलं की त्यांना वेगळाच हुरूप येतो. त्यांनी स्टूल मागितलं, बॅटरी घेतली आणि बाराव्या भोकातून मुंडी वर घातली. बराच वेळ खाली फक्त त्यांचं धोतर बोलत होतं. मग ते उतरले आणि स्टुलावरच बसले.

"मांढरेभाऊ, मसन्याऊद आहे," ते म्हणाले. "माय आहे अन् तीन पिल्लं आहेत. मसणातलं जनावर होय हे. साक्षगंधाच्या घरात बरं नाई जी."

मसन्याऊद म्हणजे उदमांजर. काळपट अंग, लांब शेपूट, तोंडावर बुरखा घेतल्यासारखे पट्टे. दिवसा झोपतं, रात्री फळं खात हिंडतं. आणि त्याच्या अंगाला चक्क शिजत्या चिनोरचा वास येतो. निसर्गाने ही थट्टा धानाच्या मुलखातच का करावी, ते निसर्गालाच ठाऊक.

ललिताबाई खालीच बसल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे कुंताबाई उभ्या राहिल्या. कुंताबाई म्हणजे होणाऱ्या जावयाची आई. मुलगा सुनिल सोन्यासारखा, दामिनीच्या मनात भरलेला. त्याचे वडील हेमराजभाऊ गरीब गाय. पण कुंताबाईंची ख्याती पंचक्रोशीत होती. मागे वडशाला सुनिलसाठी मुलगी बघायला गेल्या, तिथे भिंतीवरून पाल पडली आणि या पाणीसुद्धा न पिता उठून आल्या. सोयरीक तिथेच मोडली. एका पालीला ही शिक्षा, तर चार मसन्याऊदांना काय होईल? दामिनी आईच्या शेजारी उभी होती. तिने मोबाईल उलटा करून ठेवला. पोरीने आजवर बापाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता जे हवं होतं ते असं छताला लटकलं होतं.

साक्षगंधाला अठरा दिवस होते. वनखात्याला फोन केला, की पिंजरा येईल आणि संध्याकाळपर्यंत मोकळे होऊ, असा मनसारामांचा हिशेब. वनरक्षक रंजीता आली, वर डोकावली आणि हसतच उतरली. पिल्लं दहा-बारा दिवसांची होती. अशात हलवलं तर माय पिल्लं टाकून देईल, म्हणून तिला हात लावायचा नाही, असं तिने सांगितलं. मग ती जरा अदबीने म्हणाली, "आणि तुमच्याच नगरपंचायतीचा उपविधी आहे न जी. कलम नऊ. आम्हाले ट्रेनिंगमधी वाचून दाखवला तो."

कलम नऊ ऐकलं आणि मनसारामांचे कान गरम झाले. कारण कलम नऊ त्यांनीच लिहिलं होतं. लिहिलं म्हणणंही तितकंसं खरं नाही.

मनसाराम नगरपंचायतीचे अधीक्षक. गावात ग्रामपंचायत होती तेव्हापासूनची एकतीस वर्षांची नोकरी. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी वानराच्या शेपटीला फटाके बांधले, त्याचा व्हिडिओ गावोगाव फिरला, आणि गावात येणाऱ्या रानजनावरांशी माणुसकीने वागण्याबाबत उपविधी करा, तोही आज संध्याकाळपर्यंत, असा वरून निरोप आला. संध्याकाळ व्हायला दोन तास होते. मनसारामांनी जे कुठलाही अनुभवी बाबू करेल तेच केलं. कॉम्प्युटरवरचा जुना 'अतिक्रमण निर्मूलन उपविधी' उघडला आणि जिथे जिथे 'अतिक्रमणधारक' होतं तिथे तिथे एका फटक्यात 'वन्यजीव' करून टाकलं. सर्वसाधारण सभेने तो न वाचता एकमताने मंजूर केला. हरकती-सूचना मागवल्या, कुणाची हरकत आली नाही, कारण तेव्हाही तो कुणी वाचला नाही. नंतर मनसारामांनी एकदा सवडीने वाचला आणि त्यांना घाम फुटला. पण तोवर जिल्ह्याला 'मोहबोडीचा आदर्श' म्हणून मुख्याधिकारी साहेबांना शाल-श्रीफळ मिळालं होतं. शालीवरून कोण बोलणार? त्यांनी फाईल कपाटात खालच्या कप्प्यात ठेवली.

तर त्या आदर्श उपविधीप्रमाणे मोहबोडीतल्या कोणत्याही वन्यजीवाला पंधरा दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय हटवता येत नव्हतं. नोटीस घ्यायला नकार दिला तर ती जागेच्या दर्शनी भागावर चिकटवायची होती. आपलं म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची होती. आणि कलम अकरानुसार त्याच्याशी अर्वाच्य भाषेत बोलायची मनाई होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मनसारामांनी घरमालक या नात्याने साधा कागद लिहिला, ऑफिसात जाऊन आवक नंबर घातला आणि टेबलाच्या पलीकडे बसून अधीक्षक या नात्याने तो तपासायला घेतला. तपासता तपासता हाताला एकतीस वर्षांचं वळण. अर्जासोबत घर कराच्या पावतीची प्रत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून तो जावकमध्ये टाकला. संध्याकाळी घरी आल्यावर ललिताबाईंनी विचारलं, अर्जाचं काय झालं, तेव्हा त्यांना कळलं की आपण आपलाच अर्ज फेटाळला. त्या रात्री ललिताबाईंचं ताट वाढणंच बोलत होतं.

एक दिवस पावतीत गेला, एक दिवस साहेब मीटिंगला गेले होते, एक दिवस सुट्टी होती. चौथ्या दिवशी फाईल साहेबांपुढे गेली. मुख्याधिकारी तरुण, हौशी, आणि खुर्चीच्या मागे शाल घेतानाचा फोटो. मनसारामांनी हळूच सुचवून पाहिलं की हे कलम अक्षरशः पाळायची गरज नाही. साहेब मात्र हरखून गेले. उपविधी होऊन दोन वर्षं झाली, अंमलबजावणीचा एकही अहवाल पाठवता आला नव्हता, आणि आता खुद्द अधीक्षकांनी स्वतःच्या घरापासून सुरुवात केली, यापरता आनंद कोणता. त्यांनी तिथेच नोटिशीवर सही केली.

नोटीस अशी निघाली: श्रीमती उदमांजर, पूर्ण नाव माहीत नाही, राहणार मनसाराम मांढरे यांच्या घराचे छत व फॉल सिलिंग यांमधील जागा, यांना कळविण्यात येते की ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सदर जागेचा ताबा सोडावा. मुदत मोजली तर साक्षगंध चौदाव्या दिवशी येत होतं आणि मुदत पंधराव्या दिवशी संपत होती. आपल्याच अर्जावरचा आपलाच तो शेरा मनसारामांना त्या दिवशी फार झोंबला.

नोटीस बजावायला झिंगू शिपाई आला. झिंगू कामाचा पक्का. त्याने हॉलमध्ये उभं राहून वर तोंड करून तीनदा पुकारा केला, "उदमांजरबाई हाजिर आहेत काय?" वरून कुणी उतरलं नाही. दोन पंच म्हणून नथ्थूभाऊ आणि नीलाबाईंच्या सह्या झाल्या. दर्शनी भाग म्हणजे कुठला, यावर थोडी चर्चा झाली. मनसाराम भिंतीकडे बोट दाखवत होते, पण झिंगूचं म्हणणं, ताबा सिलिंगवर आहे तर दर्शनी भागही सिलिंगच. त्याने खळीचा डबा काढला, स्टुलावर चढला आणि कमळाच्या बरोबर पाकळीवर नोटीस थापली. खळ ओघळून निळ्या दिव्यापर्यंत गेली. मनसाराम डोळे मिटून उभे होते.

नोटिशीचे दिवस सुरू झाले आणि सल्लेही सुरू झाले. नथ्थूभाऊंचा सल्ला मिरचीच्या धुरीचा. खाणीत धूर झाला की माणूस पळतो तर मांजर का नाही? पण धुरी म्हणजे बळाचा वापर, कलम दहा. मनसारामांनी भिंतीशी टेकवून ठेवलेली काठीही त्याच कलमात अडकली. कुणी म्हणालं कापूर ठेवा. घराला चिनोर अधिक कापूर असा वास येऊन ललिताबाईंचं डोकं चढलं. कुणी म्हणालं दिवसभर रेडिओ लावा, झोपमोड होऊन निघून जाईल. मनसारामांनी भोकाखाली रेडिओ ठेवला. माय तर गेली नाहीच, उलट दुपारच्या बातम्या लागल्या की एक काळं नाक भोकाच्या कडेला यायचं आणि बातम्या संपल्या की मागे जायचं. बाजारभाव ऐकायला मात्र ती थांबत नसे.

एकदा पिल्लांनी वर काय दंगा केला कोण जाणे, सिलिंगमधून भुसा पडून मनसारामांच्या चहात गेला. त्यांनी वर बघून तोंड उघडलं आणि दोनच शब्द बाहेर पडले असतील, तोच कुंपणापलीकडून नीलाबाईंचा आवाज आला, "मांढरेभाऊ, कलम अकरा." शाळेत पोरांना जसा आवाज द्यायच्या तसाच. मनसाराम तोंड मिटून भुशासकट चहा प्याले. स्वतःच्या घरात, स्वतःच्या छताला, स्वतःच्या भाषेत एक शिवी देता येऊ नये, याचं दुःख ज्याने कायदा केला आहे त्यालाच समजेल.

आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. घरातली केळी संपत होती. दामिनीला विचारलं तर ती हसली. एका सकाळी मनसाराम परसात गेले, तर ललिताबाई कुंपणाच्या भिंतीवर पिकलं केळ आणि ओंजळभर मोहफुलं ठेवत होत्या. खाऊ घालायला कलम बाराने मनाई आहे, याची त्यांनी बायकोला आठवण करून दिली.

"लेकुरवाळी आहे ते," ललिताबाई म्हणाल्या. "तुमच्या कलमाले लेकरं आहेत काय?"

मनसाराम कलम बारासकट घरात परतले.

सातव्या दिवशी सुनावणी होती. प्रतिवादी येऊ शकत नसल्याने कार्यालयच हॉलमध्ये आलं. साहेब खुर्चीवर बसले, झिंगूने पुन्हा पुकारा केला. प्रतिवादी वर झोपलेली. तिचा घोरल्यासारखा बारीक आवाज सगळ्यांनी ऐकला आणि तो हजेरीत धरावा का, यावर साहेबांनी विचार केला. एकतर्फी निकाल लागणार, इतक्यात नीलाबाई उठल्या. उपविधीत 'हितसंबंधी व्यक्तीस वन्यजीवाच्या वतीने म्हणणे मांडता येईल' असं होतं. होतंच, अतिक्रमणवाल्यांचे वकील यायचे ना. नीलाबाईंनी चष्मा लावला आणि एकच प्रश्न विचारला. इथे हॉलच्या आधी काय होतं?

मनसाराम म्हणाले, मोह होता.

"त्या मोहावर कोण राहत होतं?"

मनसारामांनी वर पाहिलं. त्यांना आठवत होतं. लहानपणी ते स्वतःच त्या मोहाच्या ढोलीत काठी घालायचे आणि आजोबा ओरडायचे, की आत ऊद आहे, झोपू दे त्याला. नीलाबाई काही कठोर बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की झाड तोडताना या बाईला पंधरा दिवस दिले होते का, ते रेकॉर्डवर यावं. साहेबांनी ते रेकॉर्डवर घेतलं आणि मुदत संपेपर्यंत परिस्थिती जैसे थे ठेवावी असा आदेश दिला. मनसारामांना हरल्याचं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, नुसती लाज वाटली. त्या दुपारी त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला, बातम्या नीट ऐकू जाव्यात म्हणून.

चौदावा दिवस उजाडला. हॉलमध्ये गाद्या पडल्या, निळा उजेड लागला, आणि कमळावरची नोटीस झाकायला झेंडूची एक भली मोठी माळ सोडली. बाराव्या भोकाला नथ्थूभाऊंनी चांदीचा कागद लावला. त्यांनी खाणीतल्या भिंती सावरलेल्या आहेत, तेव्हा त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती. शेजारधर्म म्हणून नीलाबाई आल्या, आणि गरज पडली तर असावी म्हणून रंजीतालाही वर्दीऐवजी साडीत बोलावलं होतं.

पाहुणे आले. हेमराजभाऊंची उमर मूलच्या एका राईस मिलमध्ये धान पारखण्यात गेलेली. उंबरठ्यावरच ते थांबले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला.

"चिनोर," ते म्हणाले. "जुना. वर्षाचा तरी आहे."

मनसारामांना खरं सांगायचं होतं. पण जीभ आयत्या वेळी बाबूची झाली आणि म्हणाली, की हो जी, मागे शिजून राह्यला. मागे चुलीवर एचएमटी होता. ललिताबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याचंही पंचनाम्यात नाव घालावं. हेमराजभाऊ गादीवर बसले, पण त्यांचं नाक बसेना. ते हळूहळू वर जाऊ लागलं. वास मागून येत नाही, वरून येतो, हे त्यांच्यासारख्या माणसाच्या लक्षात यायला किती वेळ लागणार? कुंताबाई मात्र आल्यापासून एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्याही वरच बघत होत्या.

कुंकू लागलं. कुंताबाईंनी दामिनीची ओटी भरायला स्वतःच्या मांडीवर तांदूळ आणि नारळ घेतला. तेवढ्यात वर खुडबुड झाली, चांदीचा कागद टरकन फाटला आणि एक पिल्लू, शेपटीसकट, कुंताबाईंच्या मांडीवरच्या तांदळात येऊन पडलं.

पिल्लाने चारी पायांनी साडी धरली आणि बारीक आवाजात रडायला लागलं. दामिनीने डोळे मिटले. मनसारामांना काहीतरी बोलणं भाग होतं आणि तोंडातून जे निघालं ते असं, "सदर वन्यजीवास रीतसर नोटीस बजावण्यात आलेली आहे." बोलल्यावर त्यांना धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

"कोणी बोलू नोका," कुंताबाई म्हणाल्या. त्यांनी पिल्लावर हलकेच हात ठेवला आणि वाकून त्याच्या मानेचा वास घेतला. वर पाहिलं तेव्हा डोळे भरलेले होते.

"माह्या बापाच्या वाडीत मोहावर राहे हे," त्या म्हणाल्या. "आम्ही पोरी खाली मोहफुलं वेचो अन् वरून हाच वास ये. लग्न झाल्यापासून नाई भेटला मले. या घरात पाय ठेवला तवाच ओळखला मी. पण तुम्ही चिनोर म्हणून राह्यले त व्याह्याले पहिल्याच दिवशी खोटं कसं पाडू?"

मनसाराम हात जोडून उभे राहिले. मग त्यांच्याने राहवेना. वडशाच्या पालीबद्दल ऐकलं होतं, म्हणून भीती वाटली, असं त्यांनी सांगून टाकलं.

"पाल पडली म्हणून नाई उठली मी," कुंताबाई म्हणाल्या. "पडलेल्या पालीले त्या लोकायनं खेटरानं चेंदलं, माह्यासमोर. जे घर मुक्या जिवाले असं करते, तिथची सोयरीक मले नाई पायजे."

मनसारामांना मिरचीची धुरी आठवली, आणि भिंतीशी टेकवून ठेवलेली काठी आठवली. ती काठी चालली नव्हती ती त्यांच्या चांगुलपणामुळे नव्हे. एका फटक्यात बदललेल्या एका शब्दामुळे ते आज कुंताबाईंपुढे भला माणूस म्हणून उभे होते. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही, पण पुढे फार दिवस मनात ठेवलं.

वर भोकातून मायचं तोंड बाहेर आलं होतं. रंजीता म्हणाली, लवकर परत द्या, माय वाट पाहून राह्यली. नथ्थूभाऊ पुढे झाले, पण मनसारामांनी त्यांना थांबवलं. नवा रेशमी कुर्ता घातलेले मनसाराम स्टुलावर चढले, पिल्लाला दोन्ही हातांत धरून भोकापर्यंत नेलं. पिल्लाने वाटेतच कुर्त्यावर धार सोडली. मनसारामांच्या तोंडून अर्वाच्य शब्द निघाला नाही, आणि या वेळी कुणाला कलम सांगावं लागलं नाही.

"घे वो बाई," ते म्हणाले. "सांभाळून ठेव."

मायने पिल्लाची मान तोंडात धरली, क्षणभर मनसारामांकडे पाहिलं आणि आत गेली. खाली टाळ्या पडल्या. सुनिलने दामिनीच्या बोटात अंगठी घातली तेव्हा ती इतकी हसत होती की फोटोवाल्याला जरा गंभीर व्हा म्हणावं लागलं. जेवताना हेमराजभाऊंनी भाताचा पहिला घास घेतला, थांबले, वर पाहिलं, आणि उदार मनाने म्हणाले की एचएमटीसुद्धा या वासासंगं खाल्ला त चिनोरच लागते.

पंधराव्या दिवशी सकाळी मनसाराम हॉलमध्ये गेले, तर वास नव्हता. स्टूल लावून वर डोकावले. धूळ होती, सुकलेली मोहफुलं होती, केळीची साल होती. माय तिन्ही पिल्लं घेऊन गेली होती. ललिताबाई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात केळ होतं. घर एकदम सुनंसुनं झालं, हे मान्य करायची दोघांचीही तयारी नव्हती.

अकरा वाजता झिंगूने येऊन पंचनामा केला: सदर वन्यजीवाने मुदतीत, स्वतःहून, कोणतेही नुकसान न करता जागेचा ताबा सोडला. कमळाच्या पाकळीवरचा खळीचा डाग हा नुकसानीत धरावा का, असं मनसारामांनी विचारलं. झिंगू म्हणाला, तो डाग शासकीय आहे.

सोमवारी नगराध्यक्ष अंकुशभाऊंचा फोन आला. त्यांच्या माळ्यावर दोन दिवसांपासून चिनोर शिजतो आहे, पण घरात कुणी शिजवत नाही, असं म्हणत होते. मनसारामांनी त्यांना अर्ज करायला सांगितलं, आणि सोबत कराची पावती जोडायला विसरू नका, असंही सांगितलं. त्याच दुपारी साहेबांनी त्यांना बोलावलं. अहवाल वर गेला होता, आणि वाचता वाचता साहेबांच्याही लक्षात आलं होतं की कलम नऊ कुठून आलं असावं. नोटीस बिटीस मांजराला काय कळणार, आपण दुरुस्तीचा ठराव आणू, मसुदा तुम्हीच करा, असं ते जरा संकोचून म्हणाले.

मनसारामांनी फाईल उघडली. एकतीस वर्षं त्यांनी नोटिसा काढल्या होत्या. पानठेले, ओटे, टपऱ्या, शेड, रस्त्यात आलेल्या भिंती, नगरसेवकाच्या मेव्हण्याचं दुकान. नोटिसा लागल्या, फाटल्या, पुन्हा लागल्या, स्थगिती आली, मुदत संपली, मुदत वाढली. त्यातली एकही जागा एकही दिवस आधी सुटलेली त्यांना आठवेना. त्यांनी फाईल मिटली.

"साहेब," ते म्हणाले, "आजवर नोटीस मानून मुदतीत जागा खाली करणारी ही एकच. अन् तिचंच कलम काढाचं?"